चिपच्या पोटात

चिप उघडून तिची रचना वाचणं हे पूर्वी नक्कल करणाऱ्यांचं काम होतं. १९७६ साली आलेल्या झायलॉग कंपनीच्या झेड-८० या चिपमध्ये तिचे एक रचनाकार मासातोशी शिमा यांनी म्हणूनच काही फसवे ट्रान्झिस्टर पेरून ठेवले होते. दिसायला बाकीच्यांसारखेच, पण काम वेगळं. जसंच्या तसं उतरवून घेणारा हमखास फसायचा.

पुढे हे काम हौशी अभ्यासकांच्या हाती आलं, आणि माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती २०१० साली. ग्रेग जेम्स, बॅरी आणि ब्रायन सिल्व्हरमन यांनी अ‍ॅपल टू या संगणकातली ६५०२ ही १९७५ची चिप उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो घेतले, एकेक तार आणि ट्रान्झिस्टर गिरवला आणि त्यावरून संगणकात चालणारी प्रतिकृती उभी केली. पुस्तिकेत नसलेल्या आज्ञा चालतात कशा, हेही त्यातून डोळ्यांनी बघता आलं. एलएएक्स ही त्यातलीच एक. तिच्या सांकेतिक आकड्याने दोन वेगवेगळ्या आज्ञांच्या तारा एकदमच जाग्या होतात आणि एकच संख्या चिपमधल्या ए आणि एक्स या दोन्ही रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांत, जाऊन बसते. कुणी मुद्दाम न घडवलेली ही आज्ञा!

इंटेलच्या पेन्टियम चिपची कथा तर अजून मोठी. १९९४ साली व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जुळ्या मूळ संख्यांवर काम करताना भागाकार चुकतोय असं दिसलं. प्रकरण इंटेलला ४७.५ कोटी डॉलरना पडलं. भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी गळाल्या, असं कंपनीने सांगितलं होतं. तीस वर्षांनी, २०२४ साली, जुन्या चिपांचे अभ्यासक केन शिरिफ यांनी चिपवरचे धातूचे थर उतरवून तो तक्ता थेट सिलिकॉनवरून वाचला. गळालेल्या नोंदी निघाल्या सोळा! त्यांतल्या अकरांमुळे उत्तर बिघडत नव्हतं, एवढंच.

अशा वाचनाला मी इतिहासाचं अस्सल साधन मानतो, कारण कंपनीचं निवेदन तपासायला दुसरा साक्षीदारच नव्हता. आजच्या चिपांपुढे मात्र साधा सूक्ष्मदर्शक हात टेकतो. त्यांचे बारकावे प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असतात.

पेन्टियमच्या बाबतीत मात्र हे वाचन आणखी पुढे गेलं. इंटेलने नंतर दुरुस्त केलेला पेन्टियमही शिरिफ यांनी उघडला. कंपनीने त्या पाच जागा भरून थांबण्याऐवजी तक्त्यातल्या सगळ्याच रिकाम्या जागांत दोन हा आकडा घातला होता, आणि त्यामुळे ते सर्किट आधीपेक्षा आटोपशीर झालं होतं.