घसादुखी, रक्तचाचणी आणि यंत्राचा कौल

हिवाळ्यात वैजापूर परिसरातील आपल्या चिकित्सालयांत घसादुखी व ज्वराने त्रस्त बालके येऊ लागतात. हल्ली पालक सोबत रक्ताचा अहवालही आणतात. त्यातून कोणता बोध घ्यावा आणि कोणता घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुश्रुताचार्यांनी १७ कंठरोग वर्णिले असून तुंडिकेरीची गणना तालुरोगांत केली आहे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही आपली निदानसाधने होत. आधुनिक वैद्यकातील १९८१ सालचे सेंटर निकषही याच धर्तीचे आहेत : ज्वर, टॉन्सिलवर पूयाचा थर, मानेच्या पुढील बाजूस दुखऱ्या गाठी आणि कासाचा अभाव. तथापि चारही लक्षणे असूनही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू निम्म्याच्या आसपास रुग्णांतच सापडतो.

बहुतांश घसादुखी विषाणुजन्य असते व आठवडाभरात शमते. बालकांतील साधारण २० ते ३० टक्के घसादुखीस मात्र हा जिवाणू कारणीभूत असतो. त्याची उपेक्षा झाल्यास पुढे रुमॅटिक ज्वर उद्भवून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. लक्षणारंभापासून ९ दिवसांत योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यास हा धोका टळतो.

येथे ए.एस.ओ. चाचणीविषयी मोठा गैरसमज आढळतो. ही प्रतिपिंडे संसर्गानंतर सुमारे आठवड्याने वाढू लागतात व ३ ते ५ आठवड्यांत उच्चांक गाठतात. म्हणजेच ही चाचणी झालेल्या संसर्गाची साक्ष देते, आजच्या घशाची नव्हे. काही वर्षांपूर्वी एका बालकाचा ए.एस.ओ. प्राकृत पाहून मी निश्चिंत झालो. तिसऱ्या आठवड्यात ते सुजलेले गुडघे घेऊन परतले. तेव्हा ए.एस.ओ. वाढलेला होता. चूक अहवालाची नव्हती, माझ्या अर्थबोधाची होती.

आता यंत्रशिक्षणाविषयी. तज्ज्ञांनी निदान निश्चित केलेल्या असंख्य रुग्णांची मोजमापे संगणकास पुरविली जातात व कोणत्या घटकास किती महत्त्व द्यावे याचे सूत्र तो त्यांतून शोधतो. इस्रायलमधील मेमेड बीव्ही ही चाचणी, जिला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, याच तत्त्वावर चालते. ट्रेल, आयपी-१० व सीआरपी ही रक्तातील ३ प्रथिने मोजून ती सुमारे १५ मिनिटांत ० ते १०० असा गुणांक देते. ट्रेल व आयपी-१० विषाणुसंसर्गात वाढतात, तर सीआरपी प्रामुख्याने जिवाणुसंसर्गात. अल्प गुणांक विषाणूकडे, उच्च गुणांक जिवाणूकडे निर्देश करतो. मधला गुणांक अनिश्चित समजावा.

परंतु हा कौल संभाव्यतेचा आहे. तो जिवाणूचे नाव सांगत नाही. शिवाय ज्या रुग्णांवरून यंत्र शिकले, त्यांहून भिन्न रुग्णांत त्याची पारख नव्याने व्हावी लागते. घशातील स्ट्रेप्टोकोकस ओळखण्यास घशाच्या स्रावाची चाचणीच थेट उपयोगी पडते.

तात्पर्य, सौम्य व विषाणुजन्य वाटणाऱ्या घसादुखीत गंडूष, कवल, यष्टिमधु यांनी अवश्य उपशय द्यावा. मात्र ५ ते १५ वयोगटात उपरोक्त लक्षणे एकत्र दिसल्यास स्रावपरीक्षण करवून घ्यावे. घशात करडा पडदा, श्वासकष्ट वा लाळ गिळता न येणे आढळल्यास रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनी केवळ अहवालातील आकडा पाहून चिठ्ठीविना प्रतिजैविक देऊ नये, आणि चिठ्ठीतील मात्रा पूर्ण घेण्यास रुग्णास आवर्जून सांगावे.

यंत्र आकडा देईल. तो कोणत्या दिवसाचा व कोणत्या रुग्णाचा, हे पाहणे वैद्याचेच कर्तव्य आहे. अस्तु.