डास मारायला डास?

"आहेत ते डास कमी पडले म्हणून आणखी सोडताय का?" डासांच्या जनुकबदलाचा विषय निघाला आणि शेजारच्या काकूंनी हे विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तर बाथरूमच्या भिंतीवर सापडतं. डास बसलेला दिसला तर मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून पाहा. डोक्यावर पिसासारख्या झुबकेदार मिशा दिसल्या तर तो नर. मादीच्या मिशा विरळ असतात. त्या झुबक्याने नर मादीच्या पंखांची गुणगुण टिपतो, आणि पोट भरतो फुलांच्या रसावर. रक्त लागतं ते मादीला, अंडी घालण्यासाठी. त्यामुळे डेंग्यू असो की हिवताप, पसरवणारी मादीच. ब्राझीलमध्ये ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने सोडले ते एडिस इजिप्ती जातीचे नर. कोषात असताना मादी नराहून मोठी असते, म्हणून आकारावरून दोघं वेगळी काढता येतात. थोड्या माद्या निसटतात, हेही सांगायला हवं.

या नरांत एक जास्तीचं जनुक बसवलेलं असतं. बाहेरच्या मादीशी अशा नराचा संग झाला की अळ्या निघतात, पण बहुतेक सगळ्या मोठ्या होण्याआधीच मरतात. मग प्रयोगशाळेत हे वाण टिकतं कसं? तिथे पाण्यात टेट्रासायक्लिन घालतात, त्याने ते जनुक गप्प बसतं. शिवाय खुणेसाठी दुसरं एक जनुक असतं. ठरावीक प्रकाशात या अळ्या लाल चमकतात. गावातल्या टाकीतून अळ्या आणायच्या, दिव्याखाली धरायच्या, की कोणाचा बाप कोण ते कळतं!

"ते जनुक चाव्यातून आपल्या अंगात शिरेल," ही दुसरी भीती. मादी चावताना लाळ सोडते, हे खरं. पण परक्या जिवाचा डीएनए आपण रोज पोटात घालतो, आणि कोंबडी खाऊन आजवर कोणाला पिसं फुटलेली नाहीत. २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्मली, तेव्हा अफवेने खापर याच डासांवर फोडलं. झिकाचा विषाणू तर या डासांच्या कितीतरी आधी, १९४७ मध्येच युगांडात सापडला होता.

"डास संपले तर निसर्गाचा तोल जाईल" असंही म्हणतात. डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि इथे निशाण्यावर एकच आहे. तीही मूळची आफ्रिकेतली, माणसाच्या पिंप-टायरांच्या आधाराने जगभर पसरलेली. मात्र 'जीन ड्राइव्ह' हे प्रकरण निराळं आहे. त्यात बदल पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच पसरत जातो. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने पिंजऱ्यातल्या, हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासांचा वंश सात ते अकरा पिढ्यांत बुडवून दाखवला. तिथे सावधपणा हवाच. ऑक्सिटेकच्या वाणाची गोष्ट उलटी आहे, नर सोडणं थांबलं की ते हळूहळू विरून जातं.

गैरसमज उत्साही मंडळींचेही असतात. "सोडलेले डास चावतच नाहीत" हा त्यातला एक. इंडोनेशियातल्या योग्यकर्तात नर आणि माद्या दोन्ही सोडले, आणि माद्या चावतच होत्या. फक्त त्यांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू होता. तो असला की डेंग्यूचा विषाणू डासात नीट वाढत नाही, आणि आईकडून हा जिवाणू पुढच्या पिढीत उतरतो. डासाच्या जनुकांना इथे कोणी हात लावलेला नाही, तरी लोक यालाही सरसकट 'जीएम डास' म्हणतात. शहराचे २४ भाग पाडून बारा भागांत हे डास सोडले. तिथे डेंग्यू ७७ टक्के कमी आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुदुच्चेरीतल्या केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. आपल्या जालन्याजवळ दावलवाडीत २०१७ मध्ये झाल्या त्या ऑक्सिटेकच्या डासांच्या चाचण्या, आणि त्याही पिंजऱ्यात.

एवढं ऐकल्यावर काकूंनी दुसरा प्रश्न टाकला, "आमच्या गल्लीत सोडण्याआधी आम्हाला विचारणार ना?"

याच प्रश्नावर भारतात एक प्रकल्प बुडाला आहे. १९६९ पासून दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर मिळून डासांच्या नियंत्रणावर काम करत होत्या. जनुक बसवण्याचं तंत्र तेव्हा डासांसाठी नव्हतंच, नर रसायनाने वांझ करत. पण पैसा अमेरिकेचा, आणि हरियाणातल्या सोनीपतमध्ये सोडायचे होते पीतज्वर पसरवू शकणारे एडिस. वर्तमानपत्रांतून जैविक युद्धाच्या तयारीचा संशय उठला, प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं आणि १९७५ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. पीतज्वर भारतात नव्हता आणि आजही नाही. पण सोनीपतच्या माणसाला हे वेळेवर, त्याच्या भाषेत, कोणी सांगितलं होतं?

योग्यकर्तात डासांची अंडी झाकणाच्या बादल्यांत घालून लोकांच्या अंगणात ठेवली होती. घरमालकाने हो म्हटल्यावरच.