डोकं फिरलेली पोरं परत कशी येतात?

अतिरेकी संघटनेत गेलेल्या पोराविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कोणीतरी त्याचं डोकं फिरवलं.’ मग उपायही सोपा वाटतो. चांगला समुपदेशक गाठा, डोकं ठिकाणावर आणा. नॉर्वेतले संशोधक तोरे ब्योर्गो यांनी नवनाझी टोळ्यांतल्या तरुणांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. यातली पुष्कळ पोरं विचार पटला म्हणून आत गेलीच नव्हती. कुणाला मित्र हवे होते, कुणाला मारहाणीपासून संरक्षण, कुणाला नुसता थरार. विचारसरणी अंगी बाणली ती आत गेल्यावर. या अभ्यासातूनच १९९७ मध्ये तिथे बाहेर पडू पाहणाऱ्यांना मदत करणारा ‘एक्झिट’ उपक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये आणि २००० मध्ये जर्मनीत.

‘आधी विचार बदलेल, मग माणूस बाहेर पडेल’ हाही असाच समज. पुष्कळदा घडतं उलटं. हिंसा सोडणं आणि विचार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दहशतवादाचे अभ्यासक जॉन हॉर्गन यांनी अनेक माजी अतिरेक्यांशी बोलून मांडलं. माणूस थकतो, पुढाऱ्यांच्या दुटप्पीपणाला विटतो, त्याला घरसंसार हवासा वाटतो, म्हणून तो निघतो. डोक्यातलं खूळ त्यानंतरही वर्षानुवर्षं रेंगाळतं. अशा पोराला वादात हरवण्यात अर्थ नसतो. वाद कसा घालायचा, हे तर संघटनेनेच त्याच्याकडून घोटून घेतलेलं असतं.

‘एक्झिट’च्या जर्मन मंडळींनी म्हणूनच २०११ मध्ये एक खोडी काढली. गेरा शहरातल्या कडव्या उजव्यांच्या संगीत महोत्सवात कवटी छापलेले अडीचशे टी-शर्ट फुकट वाटले गेले. पोरांनी ते आनंदाने नेले. घरी पहिल्याच धुण्यात वरची छपाई निघून गेली आणि खालून मजकूर उमटला: टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. ना वाद, ना प्रवचन. वाचणारा घरी एकटा, टोळीच्या नजरेआड. मला यातली खरी हुशारी तीच वाटते.

आता आपल्याकडचं उदाहरण, गडचिरोली. आत्मसमर्पण करणाऱ्या नक्षलवाद्यांविषयी लोक फटकन म्हणतात, ‘आधी खून करायचे, मग सरकारकडून पैसे घ्यायचे.’ राज्याचं आत्मसमर्पण धोरण २००५ पासून आहे. पण शस्त्र खाली ठेवलं म्हणून गंभीर गुन्ह्यांचे खटले आपोआप संपत नाहीत. केंद्राच्या योजनेतलं अनुदानही मुदत ठेवीत राहतं. तीन वर्षं वागणूक नीट असेल, तरच हाती येतं.

आणि पैसे मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. कोवळ्या वयात दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेलेल्याकडे आधार कार्ड नसतं, रेशन कार्ड नसतं, बँकेत खातं नसतं. हाक मारायचं नावसुद्धा संघटनेने दिलेलं. गावी परतावं, तर जुने साथीदार ‘खबऱ्या’ ठरवून जीव घेतील ही भीती, आणि तसे खून झालेलेही आहेत. शिवाय दलममध्ये लग्नाला परवानगी मिळे, मुलाला नाही. लग्नाआधी पुरुषाची नसबंदी होई. बाहेर आल्यावर अनेकांनी शस्त्रक्रिया करून नस पुन्हा जोडून घेतली, कित्येकांच्या घरी पाळणा हलला. काहींना जिल्ह्यातल्याच कोनसरीच्या लोहप्रकल्पात नोकऱ्या मिळाल्या. पुनर्वसन हा शब्द आपण भाषणात सहज वापरतो; प्रत्यक्षात ते असं दवाखान्यात, तहसील कचेरीत आणि हजेरीपटावर चालतं.

राहता राहिला, ‘एकदा तसला तो कायमचा तसला’ हा समज. काहीजण मागे फिरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘एक्झिट-जर्मनी’ उभी केली ती दोघांनी: बर्लिनमधल्या नवनाझींचा एकेकाळचा म्होरक्या इंगो हासेलबाख आणि माजी पोलीस तपास अधिकारी बेर्न्ड वाग्नर. एकाला टोळी आतून ठाऊक, दुसऱ्याला बाहेरून. सुटलेला माणूस सुटू पाहणाऱ्याच्या उपयोगी पडतो, यावर स्वीडनमध्येही भर होता. तरी प्रत्येक माजी अतिरेक्याला व्यासपीठावर उभं करण्याच्या हौसेला आवर घातलेला बरा. जुन्या हिंसेचे किस्से सांगणं हाच काहींचा नवा धंदा होऊन बसतो. पुष्कळांना हवी असते ती भाड्याची खोली, आणि आपण कोण होतो याची चौकशी न करणारे शेजारी.