गाणं निवडायचं कुणी?

1989 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा झाली. पोर्तुगालच्या 'दा विंची' या बँडने तिथे गायलेल्या गाण्यात गोव्याचं नाव होतं. ब्राझील, अंगोला, मकाव यांच्या रांगेत, पोर्तुगीज जहाजं जिथे पोहोचली त्या मुलखांपैकी एक म्हणून. गोवा मुक्त होऊन तेव्हा सत्तावीस वर्षं उलटली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी 'नव्या काबिजादीं'त ओढलेल्या गोव्याच्या पेडणे-डिचोली तालुक्यांत देवळादेवळांतून जे भजन गायलं जातं, त्याचा या गाण्याशी काडीचाही संबंध नव्हता. नाव आपलं आणि गळा दुसऱ्याचा, याला सहभाग म्हणता येत नाही. आपलं गाणं आपण पारखून, निवडून पाठवणं हा सहभाग, आणि त्याची तयारी घरच्या अंगणातच करावी लागते.

हे पोर्तुगालकडूनच शिकण्यासारखं आहे. 1956 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत प्रत्येक देशाची प्रसारणसंस्था एक नवं गाणं पाठवते. ते तीन मिनिटांत संपवावं लागतं आणि मंचावर सहाच माणसं चालतात. पोर्तुगाल 1964 साली पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याला एकही गुण मिळाला नाही. तरी देशांतर्गत निवडीची स्पर्धा त्यांनी मोडीत काढली नाही. 1974 साली त्यांचं गाणं पार तळाला गेलं. पण एप्रिलमधल्या एका रात्री लिस्बनच्या रेडिओवर तेच वाजलं आणि हुकूमशाही उलथवायला निघालेल्या सैनिकांना इशारा मिळाला. त्या क्रांतीनंतर आलेल्या सरकारनेच त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी गोव्याचं भारतातलं विलीनीकरण करारावर सही करून मान्य केलं. परीक्षकांच्या गुणांवर गाण्याचं मोल ठरत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा? पुढे 2017 मध्ये, बहुतेक देश इंग्रजीत गात असताना, साल्वादोर सोब्राल बहिणीने रचलेलं संथ गाणं पोर्तुगीजमध्ये गायला आणि पहिला आला. त्रेपन्न वर्षं लागली.

भारताच्या बाजूने पाहिलं तर 1986 साली पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी पारितोषिकं मिळवली. ते शिवोलीचे, शापोरा नदीपलीकडे लगेच पेडणे तालुका. पण हे यश एका माणसाच्या जिद्दीचं. घरीच ध्वनिमुद्रण करून स्वतःच्या कॅसेटी स्वतः विकणाऱ्या कलावंतामागे निवडीची कुठलीही यंत्रणा नव्हती. तशी यंत्रणा गोव्यात आहे, फक्त तिच्याकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. कला अकादमीची राज्यस्तरीय भजनी स्पर्धा आधी तालुक्यातालुक्यांत रंगते आणि निवडलेली पथकं अंतिम फेरीत जातात. पुरुष, महिला आणि बालकलाकार यांचे गट वेगळे. पेडण्याचं किंवा डिचोलीचं पथक मंचावर चढतं तेव्हा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून, ठोकून, तो हार्मोनियमच्या स्वराशी जुळवला जातो, झांजा सरसावतात, आणि समोर बसलेले गावकरी परीक्षकांआधीच हिशेब मांडू लागतात. अशा जाणत्या श्रोत्यांवाचून निवडीला अर्थ नसतो.

भजन ही भक्ती, तिला गुण कसले द्यायचे, हा आक्षेप हलका नाही. नंबर काढण्यासाठी ताना घोटल्या की अभंगातले शब्द हरवतात, हे खरंच आहे. पण स्पर्धेने बायकांना आणि मुलांना पथक बांधायला कारण दिलं आणि वर्षभर रियाज करायला लावलं, हेही तितकंच खरं. दुसरा आक्षेप भाषेचा: मराठी-कोकणी परदेशात कुणाला कळणार? 2017 साली पोर्तुगीज तरी किती जणांना कळत होती? 2022 मध्ये युक्रेनच्या 'कालूश ऑर्केस्ट्रा'ने लोकसंगीतातली बासरी घुमवत आपल्याच भाषेत गाऊन बाजी मारली. शिवाय 2015 पासून ऑस्ट्रेलियासुद्धा तिथे गातो, म्हणजे युरोपबाहेरच्यांना दार अगदीच बंद नाही. खरी अडचण तीन मिनिटांची. अभंग हळूहळू चढत जातो. त्याला तीन मिनिटांत कोंबलं तर सांगाडाच उरेल. म्हणून अभंग कापून पाठवू नये. याच गळ्यांसाठी आणि याच पखवाजासाठी गोव्याच्या कवींनी नवं गीत लिहावं, तालुक्यात गावं, आणि पेडण्याच्या श्रोत्यांनी मान डोलावली तरच पुढे न्यावं.