हाफकिनचा चंबू आणि माथेरानचा कुकर

ऑक्टोबर १८९६. मुंबईत प्लेग भडकलेला. लस शोधायला आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळाले काय, तर एक छोटी खोली, बाहेरचा बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई. तरी तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

सगळी करामत चंबूत होती. मांसरसावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढतात, खाली झुपके लोंबतात. चंबू हलवला की झुपके तळाशी जातात, वर नवे धरतात. काही आठवड्यांनी रस तापवून जंतू मारायचे. महागडे यंत्र कुठेच नाही. पद्धतही त्यांनी १८९७ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून जगापुढे मांडली.

आज हीच वृत्ती ‘ओपन सोर्स’ नावाने वावरते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला; २००२ पासून तिथे फॅब लॅब आहे आणि हवे ते यंत्र आपणच बनवायचे, हा तिथला शिरस्ता. अशा ठिकाणी पेशी वाढवण्याची उबदार पेटी म्हणजे थर्माकोलचा डबा, बल्ब, संगणकातला जुना पंखा आणि बाजारात मिळणारा थर्मोस्टॅट. यीस्टला एवढे पुरते. प्राण्यांच्या पेशींना मात्र साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवा लागते. तिथे स्वस्ताई अडखळते.

खरी गोम निर्जंतुक करण्यात आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिनची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो पुसला जायला १९०७ उजाडले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झालाच नाही, असे पुराव्यांतून पुढे आले. दोष लशीत नव्हता.

घरगुती प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, जागा प्रेशर कुकर घेतो. समुद्रसपाटीला तो १२० अंशांच्या आसपास जातो. माथेरान सुमारे ८०० मीटरवर. तिथे उघड्या भांड्यातले पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आतबाहेरच उकळते आणि तीच शिट्टी लावलेला कुकरही दीडएक अंश मागे राहतो. स्वयंपाकात हे कुणाला कळणारही नाही. पण चिवट बीजाणूंच्या बाबतीत दहा अंश कमी पडले की मारायला सुमारे दहापट वेळ लागतो. या हिशेबाने पंधरा मिनिटांचे काम माथेरानला वीस-बावीस मिनिटांवर जाते. शिवाय पावसाळ्यात तिथल्या भिंतीही बुरशी धरतात, उघड्या बशीची काय कथा!

उपकरणांचे आराखडे फुकट वाटणारे सर्किट आणि सुट्या भागांची यादी हौसेने देतात. गावाच्या उंचीचा हिशेब क्वचित. पायथ्याच्या नेरळला बेतलेली कृती गाडीने वर माथेरानला नेली, तर वेळाचा आकडा बदलावाच लागेल. आणि दर खेपेला काहीही न पेरलेली एक बाटली बाजूला ठेवावी. चार दिवसांत ती गढुळली, तर ती खेप टाकून द्यायची.