संगीतिकांच्या पडद्याआड (भाग ७) : सिंहाचा मुखवटा, माणसाचा चेहरा

गेल्या आठवड्यात आपण 'रॅगटाइम'ची गोष्ट पाहिली. १९९८च्या टोनी सोहळ्यात सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान तिच्या हातून ज्या संगीतिकेने नेला, ती 'द लायन किंग' आज.

प्राण्यांची गोष्ट रंगमंचावर आणायची म्हटली, की अंगभर केसाळ पोशाख आणि आत घामाघूम झालेला नट हेच डोळ्यांसमोर येतं. दिग्दर्शक जूली टेमॉर यांनी ती वाट धरली नाही. तरुणपणी त्या इंडोनेशियात राहिल्या होत्या, तिथे त्यांनी स्वतःची नाटकमंडळीही काढली होती. तिथले मुखवटे, छायाबाहुल्या त्यांच्या हाडीमाशी भिनल्या होत्या. जपानी बुनराकूत तर बाहुली चालवणारा प्रेक्षकांसमोरच असतो. टेमॉरनी ठरवलं, प्राणी दिसेल आणि त्याला खेळवणारा माणूसही दिसेल.

म्हणून सिंहराजा मुफासाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर बसतो, खाली रंगवलेला चेहरा पूर्ण मोकळा. लाकडी, भरभक्कम वाटणारा हा मुखवटा टेमॉर आणि बाहुलीकार मायकेल करी यांनी कार्बन फायबरमध्ये घडवला. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. त्याच्या कपटी भावाचा, स्कारचा, त्याहून हलका. दोन्ही हलते. नट ताठ उभा असेतो मुखवटा वर असतो. तो चाल करून पुढे वाकला, की मुखवटा सरसर खाली येतो आणि माणसाचं जनावर होतं. मुफासा गेल्यावर सिंहिणी रडतात, तेव्हा मुखवट्यांच्या डोळ्यांतून लांब पांढऱ्या फिती ओढतात. अश्रू कापडाचे आहेत हे दिसत असूनही गळा दाटतो. दुष्काळ दाखवायला पाणवठ्याचं निळं रेशीम रंगमंचातल्या भोकातून हळूहळू खाली खेचलं जातं. बस्स, एवढंच.

जुलै १९९७मध्ये मिनियापोलिसला पडदा उघडला, नोव्हेंबरात ब्रॉडवेवर. पुढच्या जूनमध्ये ११ नामांकनांतून ६ टोनी आले : संगीतिका, दिग्दर्शन, नृत्यदिग्दर्शन, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना. संगीतिकेच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणाऱ्या टेमॉर या पहिल्या महिला, वेशभूषेचाही त्यांचाच.

संहिता आणि संगीताचे पुरस्कार 'रॅगटाइम'ने राखले. अभिनयाचा मात्र एकही इकडे आला नाही. मुफासा झालेले सॅम्युअल राइट आणि वानररूपी भगत रफिकी साकारणाऱ्या त्सिदी ले लोका यांची नामांकनावरच बोळवण झाली. हा अन्याय मला आजही खटकतो. डोक्यावरचा सिंह आणि खालचा माणूस एकाच श्वासात जिवंत ठेवायचे, वर गायचं, हे साधं काम नाही. तो मुखवटा बोलतो तो नटाच्या मानेमुळे.

लंडनमध्ये २०००च्या ऑलिव्हिये पुरस्कारांत नृत्यदिग्दर्शन आणि वेशभूषा पुन्हा 'द लायन किंग'कडे आले. सर्वोत्कृष्ट नव्या संगीतिकेचा पुरस्कार मात्र कुरूप बदकपिल्लाच्या गोष्टीवर बेतलेल्या 'हाँक!'ने पटकावला.

पुढच्या भागात या संगीतिकेचे आफ्रिकी सूर : दक्षिण आफ्रिकेचे लेबो एम आणि त्यांचा कोरस.