नारंगी ६१
वेगाची वर्तुळं : भाग सातवा

न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं एक गाव आहे. न्यूयॉर्क शहरापासून ते मोटारीनं चार-पाच तासांवर, शेतं आणि कारखाने यांच्या मध्ये वसलेलं. १८१७ साली ईरी कालव्याची पहिली कुदळ इथे पडली. पुढे तांब्याच्या कारखान्यांनी गावाला रोजगार दिला. १९७० च्या सुमाराला इथली लोकवस्ती होती पन्नास हजारांच्या आसपास. या एवढ्याशा गावानं १९७१ ते १९८५ अशी सलग पंधरा वर्षं मोटारशर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेच्या मॉडिफाइड गटाचं राष्ट्रीय विजेतेपद बाहेर जाऊ दिलं नाही. त्यातली सहा विजेतेपदं जेरी कुकची आणि नऊ रिची इव्हान्सची. दोघांचीही गॅरेजं रोममध्येच होती. अमेरिकेसारख्या खंडप्राय देशात एखाद्या खेळातले दोन सर्वोत्तम खेळाडू एकाच गावात राहावेत आणि दीड दशक त्यांनी तिसऱ्याला जवळ येऊ देऊ नये, याला दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मॉडिफाइड गाडी म्हणजे काय, हे आपण मागच्या भागात पाहिलं. थोडक्यात उजळणी करू. नॅस्कारनं भरवलेली पहिली शर्यत १५ फेब्रुवारी १९४८ रोजी डेटोना बीचवर झाली, रेड बायरननं जिंकली, आणि ती मॉडिफाइड गाड्यांचीच होती. ज्या गटातून आजची प्रसिद्ध कप मालिका निघाली, तो त्यानंतरच्या वर्षी आला. म्हणजे वयानं मॉडिफाइड गट थोरला, पण पैसा आणि टीव्ही धाकट्याकडे गेला. पुढची चाकं उघडी, टायर रुंद, बसका सांगाडा, त्यावर जुन्या कूपेचं किंवा पिंटो-व्हेगासारख्या लहान गाडीचं कापून बसवलेलं कवच, आणि पुढे भलंथोरलं व्ही-८ इंजिन. उघड्या चाकांमुळे दोन गाड्यांची चाकं एकमेकांत अडकली तर एक गाडी दुसरीवर चढते. हा धोका डोक्यावर घेऊन हे लोक अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर एकमेकांना घासत धावतात.

रिचर्ड अर्नेस्ट इव्हान्सचा जन्म २३ जुलै १९४१ चा. रोमजवळच्या वेस्टर्नव्हिलमध्ये, शेतावर तो वाढला. सोळाव्या वर्षी घर सोडून रोममधल्या एका गॅरेजात कामाला लागला. रस्त्यावरच्या चोरट्या शर्यती, मग सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यती असं करत करत, कुणीतरी सुचवलं म्हणून तो वर्तुळाकार ट्रॅककडे वळला. १९६२ मध्ये युटिका-रोम स्पीडवेवर तो उतरला तो सगळ्यांत खालच्या, हौशी गटात. गाडी होती १९५४ ची फोर्ड आणि तिच्यावर आकडा रंगवला होता ‘पीटी-१०९’. दुसऱ्या महायुद्धात जॉन केनेडींनी चालवलेल्या टॉर्पेडो बोटीचा हा क्रमांक. केनेडी तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. १९६५ मध्ये तो मॉडिफाइड गटात आला आणि त्या हंगामाच्या शेवटच्या रात्री त्यानं पहिली मुख्य शर्यत जिंकली. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला आणखी आठ वर्षं जायची होती.

हे विजेतेपद मिळायचं कसं, ते नीट समजून घेतल्याशिवाय इव्हान्सचं मोठेपण हाती लागत नाही. आज आपण ‘मालिका’ म्हटलं की ठरावीक शर्यती, ठरावीक तारखा, सगळे स्पर्धक एका जागी, असं चित्र डोळ्यांसमोर आणतो. १९८५ पूर्वीच्या मॉडिफाइड गटात तसं नव्हतं. नॅस्कारची मान्यता असलेले कितीतरी लहान ट्रॅक दर आठवड्याला आपापल्या शर्यती भरवत, आणि तिथे मिळालेले गुण राष्ट्रीय खात्यात जमा होत. ज्याला विजेता व्हायचं त्यानं शुक्रवारी एका राज्यात, शनिवारी दुसऱ्या ट्रॅकवर, रविवारी तिसरीकडे धावायचं. आपल्याकडे जत्रांच्या हंगामात पैलवान एका गावचा फड मारून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी लांग चढवतो, तसा हा प्रकार होता. फक्त इथे पैलवानाबरोबर टनाहून जड गाडी, सुटे टायर, इंजिनाचे भाग आणि चार सोबती यांचीही वरात असे. रविवारी रात्री उशिरा घरी यायचं, सोमवारपासून गाडी उघडायची, मोडलेलं दुरुस्त करायचं, शुक्रवारी पुन्हा ट्रेलरवर चढवायची. रोमहून व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला जायचं तर एका बाजूचं अंतरच हजार किलोमीटरच्या घरात.

१९७८ चा हंगाम हा हिशेब स्वच्छ दाखवतो. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्याच जेफ बोडाइननं मॉडिफाइडच्या ८४ शर्यतींपैकी ५५ जिंकल्या. एका वर्षातल्या विजयांचा तो आकडा गिनीज बुकात नोंदला गेला. तरीही राष्ट्रीय विजेता ठरला इव्हान्स. सगळ्याच ट्रॅकवरच्या विजयांना नॅस्कारचे गुण मिळत नसत, आणि गुणांसाठी जिथे हजेरी लावायची तिथे इव्हान्स न चुकता हजर असे. कुणी म्हणेल, मग खरा वेगवान कोण? पुढच्याच वर्षी त्याचं उत्तर मिळालं. १९७९ मध्ये इव्हान्सनं नॅस्कारच्या ६० मॉडिफाइड शर्यतींत भाग घेतला, ३७ जिंकल्या आणि ५४ वेळा पहिल्या पाचांत आला. म्हणजे वर्षभरात फक्त सहा वेळा तो पहिल्या पाचांबाहेर राहिला. इंजिन बसणं, टायर फुटणं, दुसऱ्याच्या अपघातात सापडणं हे या खेळात रोजचं. तिथे साठांत सहा हा आकडा चालवणाऱ्याबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच त्याच्या गॅरेजबद्दलही सांगतो. मला स्वतःला ३७ पेक्षा ५४ हा आकडा जास्त थोर वाटतो.

आता त्या गॅरेजातलंच एक काम जवळून पाहू.

समजा, गाडीच्या उजव्या-डाव्या चाकांमध्ये १.७ मीटर अंतर आहे. ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच. अर्धवर्तुळाचं एक वळण घेताना उजवं, म्हणजे बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे सव्वापाच मीटर जास्त धावतं. गंमत अशी, की वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. आपल्या रस्त्यावरच्या गाडीत हा फरक सांभाळायला डिफरन्शियल असतो. तो दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो. मॉडिफाइड गाडीचा मागचा आस मात्र जखडलेला असतो. एक चाक घसरलं तरी इंजिनाची ताकद दुसऱ्याला मिळत राहावी म्हणून तो मुद्दाम तसा ठेवतात. मग दोन्ही चाकांचे फेरे सारखे आणि अंतर वेगळं, हे जमवायचं कसं? उजवीकडचा टायर घेरानं मोठा बसवायचा. याला या धंद्यात ‘स्टॅगर’ म्हणतात. फरक असतो काही सेंटिमीटरचा. टायरमध्ये हवा भरायची, भोवती टेप फिरवायचा, घेर मोजायचा, खडूनं टायरवर आकडा लिहायचा, आणि ढिगातून जोड्या लावत बसायचं. एकाच साच्यातून निघालेले दोन टायरही घेरानं अगदी सारखे भरतील असं नाही, त्यामुळे हे काम संपता संपत नाही. स्टॅगर बरोबर जमला की गाडी वळणावर आपणहून आत वळते. कमी पडला तर नाक बाहेर भिंतीकडे ओढतं, तिला चालक ‘टाइट’ म्हणतात. जास्त झाला तर मागचा भाग सुटतो, ती ‘लूज’. आणि शर्यत सुरू झाली की टायर तापतात, आतली हवा फुगते, घेर बदलतो. संध्याकाळी टेपनं मोजलेला आकडा पन्नासाव्या फेरीला तोच राहत नाही. तेव्हा गाडी अमुक फेरीनंतर कशी वागेल याचा अदमास घेऊन ती आधीच थोडी ‘चुकीची’ सोडायची असते. हा अदमास पुस्तकातून येत नाही. आठवड्याला तीन-तीन रात्री धावणाऱ्याच्या हाडीमाशी तो मुरतो. गुण मिळवण्यासाठीची ती वणवण हीच इव्हान्सची शाळा होती, असं मला वाटतं ते यामुळे.

त्याच्या गाडीवर ६१ हा आकडा आणि अंगाला झळझळीत नारंगी रंग. प्रेक्षकांनी त्याला ‘रॅपिड रोमन’ म्हणायला सुरुवात केली. रोममध्ये मात्र गाव दोन तटांत विभागलेलं होतं, काही इव्हान्सचे, काही कुकचे. कुकबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहायचं आहे, म्हणून इथे एवढंच सांगतो, की १९७४ ते १९७७ ही चार वर्षं त्यानं इव्हान्सला विजेतेपद मिळू दिलं नाही, आणि १९७८ पासून इव्हान्सनं त्याची सव्याज परतफेड केली. पुढची आठही विजेतेपदं इव्हान्सची.

मार्टिन्सव्हिलची १९८१ मधली एक शर्यत अजूनही जुने प्रेक्षक सांगतात. हा ट्रॅक जेमतेम ८४७ मीटरचा. दोन लांब सरळ बाजू आणि दोन टोकांना अतिशय आवळलेली वळणं, कागदाला लावायच्या पिनेसारखा आकार. शेवटची फेरी, शेवटचं वळण, इव्हान्स आणि बोडाइन एकमेकांना खेटून. बाहेर पडताना दोन्ही गाड्या भिडल्या. इव्हान्सची गाडी बाहेरच्या भिंतीवर चढली, चाक तुटलं, आणि ती तशीच भिंत घासत, तीन चाकांवर, अंतिम रेषा ओलांडून गेली. शर्यत त्यानं जिंकली. बोडाइन त्यानंतर कप मालिकेत गेला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेटोना ५०० जिंकला.

इव्हान्सबद्दल बोलताना लोक हटकून हळहळतात, की तोही वरच्या मालिकेत गेला असता तर केवढा मोठा झाला असता. मला ही हळहळ पटत नाही. स्वतःच्या गावात, स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या गाडीवर त्यानं पोट भरलं आणि आपल्या खेळात त्याच्या तोडीचा माणूस झाला नाही. त्याच्या नावावर मुख्य शर्यतींतले चारशेहून अधिक विजय मोजतात. लहान ट्रॅककडे वर चढायची पायरी म्हणून पाहणाऱ्याला त्यात काहीतरी कमी दिसतं. तिकीट काढून दर शनिवारी लाकडी बाकावर बसणाऱ्याला कधीच दिसलं नाही.

१९८५ मध्ये नॅस्कारनं जुनी गुणपद्धत मोडली आणि मॉडिफाइडसाठी ठरावीक शर्यतींचा दौरा सुरू केला. देशभर वणवण करण्याची गरज संपली. हजेरीवर गुण कमावणारा इव्हान्स आता मागे पडेल, अशी शंका कुणाला असलीच तर ती फिटली. नव्या पद्धतीतलं पहिलंच विजेतेपदही त्यानं हंगाम संपायच्या आत पक्कं केलं. ते नववं. शेवटची शर्यत मार्टिन्सव्हिलला होती. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी सरावात त्याची गाडी तिसऱ्या वळणावर थेट भिंतीवर गेली. तो जागीच गेला. वय ४४. विजेतेपदाचा मान त्याला मरणोत्तर मिळाला.

हा अपघात दैवावर ढकलून चालणार नाही. त्या काळच्या मॉडिफाइड गाडीचा सांगाडा पुढून मागेपर्यंत सरळ जाणाऱ्या पोलादी तुळयांवर बांधलेला असे. असा सांगाडा मजबूत असतो आणि गाडीची वागणूक त्यामुळे नेमकी राहते. पण भिंतीला समोरून धडक बसली की सरळ तुळई दुमडत नाही. गाडी जवळजवळ क्षणात थांबते आणि धक्का चालकाच्या शरीराकडे जातो. पट्ट्यांनी छाती जागेवर धरलेली असते, डोकं मोकळं असतं. ते हेल्मेटच्या वजनासकट पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ फुटतो. १९८७ मध्ये मॉडिफाइडचाच चालक चार्ली जार्झोम्बेक याच मार्टिन्सव्हिलला अपघातात गेला, त्याच वर्षी कॉर्की कुकमन कनेटिकटमधल्या थॉम्प्सनला. गाड्या फार ताठ झाल्या आहेत, हे मग कुणाला नाकारता येईना. पुढे सांगाड्याच्या तुळयांना मुद्दाम बाक देणं सक्तीचं झालं, म्हणजे धडकेत त्या तिथे दुमडाव्यात आणि धक्क्याचा काही भाग स्वतः गिळावा. डोकं आणि मान धरून ठेवणारं हॅन्ससारखं उपकरण नॅस्कारच्या मोठ्या मालिकांत सक्तीचं व्हायला मात्र २००१ साल उजाडलं, तेही कप मालिकेतल्या डेल अर्नहार्टच्या मृत्यूनंतर. सोळा वर्षं. लहान ट्रॅकवरच्या मरणांची दखल घ्यायला या खेळानं लावलेला हा वेळ आजही मला संताप आणतो.

मॉडिफाइड दौऱ्यात ६१ हा आकडा नंतर कुणाला दिला गेला नाही. आकडे निवृत्त करण्याची नॅस्कारमध्ये प्रथा नाही, त्यामुळे हा मान दुर्मीळ. नऊ राष्ट्रीय विजेतेपदांच्या त्याच्या आकड्याशी पुढे माइक स्टेफनिकनं बरोबरी केली, पण त्यातली सात मॉडिफाइडची आणि दोन दुसऱ्या मालिकेतली. २०१२ मध्ये केल यारबरो आणि डॅरेल वॉल्ट्रिप या कप मालिकेतल्या बड्या नावांच्या बरोबरीनं इव्हान्सला नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. सगळी कारकीर्द मॉडिफाइडमध्ये घालवून तिथे पोचलेला तो पहिला चालक. दुसरा जेरी कुक, २०१६ मध्ये. १९८५ चा तो नवा दौरा सुरू झाला तेव्हा त्याची सूत्रं कुकच्याच हाती होती. ज्या इव्हान्सशी तो दहा वर्षं झुंजला, त्याच्या अखेरच्या हंगामात नियम राखणारा माणूस तो होता. पुढच्या भागात त्याच्याविषयी.